पहार कोण घेणार?

नोकरदाराच्या आयुष्यात डिसेंबर हा फार वाईट महिना. ज्या रजेसाठी वर्षभर साहेबापुढे तोंड वेंगाडावं लागतं, तीच रजा डिसेंबरात ‘घ्या, नाहीतर बुडाली समजा’ म्हणून अंगावर येते. माझीही बरीच साचली होती. घरात तिच्यासाठी दोन प्रस्ताव होते. सौभाग्यवतींचा महाबळेश्वर आणि माझा पलंग. चर्चा चालू असताना बायकोचा धाकटा भाऊ आला आणि पोहे खाता खाता त्याने तिसरा प्रस्ताव मांडला.

“दाजी, रजा आहे ना? मग चला गडावर. वाट दुरुस्त करायचीय.”

“कुणाची?”

“गडाची वाट. श्रमदान शिबिर आहे. मुक्कामी.”

“अरे, पण वाटा दुरुस्त करायला सरकार असतं ना?”

यावर मेहुण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास होता. मी आशेने बायकोकडे पाहिलं. महाबळेश्वर हातातून जातंय म्हटल्यावर ती तरी विरोध करील असं वाटलं होतं.

“जा की,” ती म्हणाली. “घरातला नळ गेल्या दिवाळीपासून गळतोय, तो काही दुरुस्त होत नाही. निदान गड तरी होईल.”

दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमध्ये घेतलं गेलं आणि सूचनांची यादी आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, हातमोजे, दोन लिटर पाणी, ताट, वाटी, पेला, बॅटरी, अंथरूण-पांघरूण आणि शेवटी नुसतंच ‘शिस्त’. त्याखाली शुल्क. मी ते दोनदा वाचलं. दगड आम्ही उचलायचे, माती आम्ही खणायची, घाम आमचा, आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून त्यात जकात घेत, असं सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वाट वापरणाऱ्याकडून पैसे घ्यायची पद्धत होती. आता वापरणारा फुकट जातो आणि दुरुस्त करणारा भरतो. मेहुण्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “दाजी, शुल्कात टी-शर्ट आहे.”

गडाचं नाव मी सांगणार नाही. वेल्ह्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. नाव छापून आलं की पुढच्याच रविवारी तिथे शंभर माणसं ड्रोन घेऊन येतात आणि मग वाट दुरुस्त करायला दोनशे लागतात. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमचा गड त्या बारांत नाही. पण तेव्हापासून मेहुण्याच्या मंडळात वातावरण असं आहे, की युनेस्कोचा माणूस कुठल्याही शनिवारी पायथ्याच्या टपरीवर उतरेल, एक कटिंग मागवील आणि वर बघून विचारील, “वाटेची काय ही अवस्था?”

पायथ्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं. सगळ्यांनी मिळून गारद दिली. गारद देताना छाती भरून येते यात शंका नाही. पण माझ्यासारख्याने ती अर्ध्याच आवाजात द्यावी, कारण समोर चढ असतो आणि छातीतली सगळी हवा पायथ्यालाच खर्च करून चालत नाही. मी ती केली. पहिल्या टप्प्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे पाहून मेहुणा कौतुकाने इतरांना म्हणाला, “दाजी भारावलेत.”

त्याआधी अवजारांचं वाटप झालं. माणसाची खरी ओळख संकटात होते असं म्हणतात. माझ्या मते ती अवजारांच्या वाटपात होते. पोतं उघडलं रे उघडलं की पहिल्या झटक्यात कोयते नाहीसे होतात. कोयता हलका, चकाकतो आणि फोटोत फार चांगला दिसतो. हातात कोयता घेतलेला मनुष्य काही न कापताही मोहिमेवर आल्यासारखा वाटतो. कोयत्यांमागोमाग कुदळी जातात. फावड्यांना मागणी बेताची, कारण फावडं हातात असलं की कुणीतरी माती भरायला सांगतं. घमेली नवख्यांच्या गळ्यात पडतात. मग तळाला एक वस्तू उरते आणि सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायच्या असतात.

ती वस्तू म्हणजे पहार.

“पहार कोण घेणार?” मोहीमप्रमुखांनी विचारलं. शांतता पसरली. एकाने दुर्बिणीतून गड बघायला सुरुवात केली. दुसऱ्याची पाठ त्याच क्षणी दुखायला लागली.

“दाजी घेतील!” मेहुणा म्हणाला. “दाजींना मान द्या.”

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या गजरात माणूस काहीही उचलतो.

पहार ही वस्तू ज्याने वाहून नेलेली नाही त्याला ती समजावून सांगता येणार नाही. ती खांद्यावर घेतली तर आपण ‘ओ, काका’ अशा हाकेला वळलो की मागच्याचा चष्मा जातो. हातात लोंबती धरली तर दर चौथ्या पावलाला तिचं टोक दगडावर आपटतं आणि तो दणका दातांपर्यंत येतो. तिची काठी करून चालावं म्हटलं तर ती जमिनीत रुतते, आपण पुढे जातो आणि ती मागेच उभी राहते. दोघांनी मिळून धरली तर दोघांची पावलं जुळत नाहीत. मी हे सगळे प्रकार केले. मधल्या काळात दुर्बीणवाला मला ओलांडून पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, “सावकाश या हं, काका. घाई नाही.”

अखेर गावातले एक मामा मागून आले. साठी ओलांडलेले, पायात टायरच्या चपला, डोक्याला मळकं मुंडासं. वनखात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या ओळखीने मंडळ दरवर्षी त्यांना सोबत घेतं. त्यांनी थोडा वेळ माझा खेळ पाहिला.

“सायेब, तिला बरुबर मधी धरा. तोल गावला की ती आपसूक येती.”

असं म्हणून त्यांनी पहार माझ्या हातातून घेतली, दोन बोटांनी मध्य चाचपला, एका हातात आडवी धरली, दुसऱ्या हाताने बिडी पेटवली आणि वर दिसेनासे झाले. पहार घेण्याचा मान मात्र कागदोपत्री माझ्याकडेच राहिला.

काम कुठे करायचं हेही आधी ठरलेलं होतं, कारण अशा कामाला परवानगी लागते आणि ती तशी सहज मिळत नाही. पायथ्याचं गायरान गावाचं, मधला चढ वनखात्याचा आणि दरवाजापासून वरचं सगळं पुरातत्त्व विभागाचं. 1958 चा केंद्राचा कायदा आहे, 1960 चा राज्याचा आहे. संरक्षित वास्तूच्या जवळ कुदळ मारायची म्हटली तर आधी कागद दाखवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर उत्साहाच्या भरात लोक तटबंदीचे दगड काढून त्याच गडाला पायऱ्या करतील. त्यामुळे आम्हाला फक्त मधला चढ मिळाला होता. तिथेही सुटे दगडच वापरायचे, सिमेंट नाही, झाड तोडायचं नाही, असं पत्रात लिहिलेलं. ते पत्र मोहीमप्रमुखांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून, त्यावर दुसरं पाकीट घालून, छातीशी धरलं होतं. आम्हा स्वयंसेवकांपैकी कुणी घसरला तर ते “जपून!” म्हणत. पत्राचं पाकीट घसरलं तेव्हा त्यांनी स्वतः उडी मारली.

कामाआधी बौद्धिक. मोहीमप्रमुखांनी प्रश्न टाकला, “वाटेचा सर्वांत मोठा शत्रू कोण?”

“प्लास्टिक,” एक ताई म्हणाल्या.

“पर्यटक,” दुर्बीणवाला म्हणाला.

“इंग्रज,” आमच्यातले इतिहासवाले सर म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून अठराव्या शतकात राहतात. 1818 साली इंग्रजांनी बऱ्याच गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून कशा उडवल्या, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता सगळे तापले. त्या क्षणी एखादा इंग्रज तिथे असता तर त्याची धडगत नव्हती. पण इंग्रज नसल्यामुळे सगळे पुन्हा बसले.

“पानी,” मामा म्हणाले.

आणि उत्तर तेच होतं. घाटमाथ्यावरचा पाऊस हा पुण्यातल्यासारखा छत्री सांभाळून पडणारा पाऊस नाही. तो चार महिने कोसळतो आणि त्याला खाली जायची घाई असते. सरळ उताराची वाट दिसली की तो तिचा ओढा करतो. माती जाते, दगड उघडे पडतात. मग माणसं त्या दगडांतून चालत नाहीत, बाजूच्या गवतातून चालतात. तिथलं गवत मरतं, तिथेही ओढा होतो. दोन-चार पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन होतात आणि चौथी कुठून काढावी यावर ट्रेकर मंडळींचं एकमत होत नाही. म्हणून वाट दुरुस्त करायची म्हणजे पाण्याला तिच्यावरून बाजूला काढायचं. वाटेत ठरावीक अंतराने दगडांची ओळ बसवायची, पण आडवी सरळ नाही, तिरकी. वरून आलेलं पाणी त्या ओळीला अडतं, कलतं आणि कडेच्या चरातून रानात निघून जातं. काम एवढंच.

मी आणि एका आयटी कंपनीतला मुलगा, असं दोघांना एक ओळ मिळाली. आम्ही झपाट्याने पाच-सहा दगड मातीवर मांडले, हात झटकले आणि फोटो काढला. फार सुबक दिसत होती ओळ. मामा आले, त्यांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला. दगड हलला. दुसऱ्यावर ठेवला. तोही. त्यांनी काही न बोलता पायाच्या अंगठ्याने एकेक दगड उताराला लावून दिला. सगळे गडगडत गेले. खालून कुणीतरी ओरडलं.

मग त्यांनी स्वतः एक बसवून दाखवला. आधी दगड दोन्ही हातांत फिरवून त्याचं तोंड कुठलं ते पाहिलं. मला तो सगळीकडून सारखाच वाटत होता. मग पहारीने खड्डा घेतला, चांगला हातभर. दगड आत ठेवला, वर उभे राहिले, टाच दाबली. काढला. खड्ड्यातून मूठभर माती खरवडली आणि पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. असं चार वेळा. शेवटी दोन्ही बाजूंनी लहान चिपा ठोकल्या आणि पहारीच्या बोथट टोकाने दगडावर एक टोला दिला. ठक्क असा भरीव आवाज आला.

“पोकळ वाजला तर काढायचा,” ते म्हणाले. “दगुड दोन वाटे खाली पायजे, येक वाटा वर. वर दिसतो त्यो दगुड न्हाय, त्यो निसता माथा.”

“मामा, हे कुठे शिकलात?” आयटीवाल्याने विचारलं.

“बहात्तरच्या दुष्काळात. लहान होतो, पर खडी फोडाय जायचो. तवा पोटासाठी फोडली, आता तुमी हौशीनं फोडताय.” मग जरा थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “हितं रोजगार हमीचं मस्टर हाय का वो?”

नाही म्हटल्यावर त्यांना आमच्याबद्दल वाटणारी काळजी स्पष्ट दिसली.

तासाभराने आयटीवाल्याच्या आणि माझ्या नावावर एक दगड लागला. भरीव वाजणारा. मी त्यावर इतक्या वेळा टोला मारून आवाज ऐकला, की मोहीमप्रमुखांनी येऊन सांगितलं, “काका, झाला तो. आता पुढचा.”

पुढचा म्हणजे वाटेच्या ऐन मध्यावर बसलेला एक काळाभोर पाषाण. म्हशीएवढा. तो हलवून कडेला घ्यावा असं ठरलं आणि सगळ्यांना बोलावणं गेलं. यात आमच्या श्रमदानाचा सगळा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दगडाभोवती वीसेक माणसं जमली. त्यातले सहा जण दगडाला भिडले. दोन पहारी लावल्या. उरलेल्या चौदा जणांनी सल्ले द्यायला घेतले. डावीकडून लावा, उजवीकडून लावा, खालची माती काढा, माती काढू नका अंगावर येईल, टेकण द्या, टेकण काढा. एकाने मोबाईलवर तरफेचा नियम शोधला. आणि मोहीमप्रमुखांनी सांगितलं की जोर लावताना ‘हर हर महादेव’ म्हणायचं.

इथे घोटाळा झाला. आमच्यातल्या निम्म्यांचा समज असा की जोर ‘हर हर’ला लावायचा. उरलेल्यांचा समज की ‘हर हर’ ही नुसती सूचना आहे, जोर ‘महादेव’ला. परिणामी ‘हर हर’ला दगड डावीकडून किंचित उठे आणि ‘महादेव’ला उजवीकडून दाबून परत जागेवर बसे. असं बराच वेळ चाललं. घोषणेचा आवाज मात्र दणदणीत होत गेला. वरच्या दरवाजापाशी बसलेल्या कुठल्याशा ग्रुपनेही तिकडून प्रतिसाद दिला. शेवटी कुणी म्हणालं, पद्धत ठरवून घेऊ. ती ठरवण्यासाठी सगळे दगडावरच बसले.

आणि बसल्या बसल्या इतिहासवाल्या सरांनी बॉम्ब टाकला.

“मंडळी, खरं सांगू? आपण हे जे करतोय ना, ते आज्ञापत्राच्या विरुद्ध आहे.”

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र म्हणजे राज्य कसं राखावं याचा मराठीतला उत्तम दस्तऐवज, हे सगळ्यांना माहीत होतं. वाचलं फक्त सरांनी होतं. त्यात दुर्गांचं मोठं प्रकरण आहे आणि अमात्य स्वच्छ सांगतात, गडाच्या वाटा सोप्या असू नयेत. सोप्या असल्या तर मोडाव्यात, त्यांवर झाडी वाढू द्यावी, शत्रूच्या फौजेला यायला अवघड अशा वाटा घालाव्यात.

सगळे गप्प. मग एकच गोंधळ. दुर्बीणवाला म्हणाला, मग आपण चुकीच्या बाजूने लढतोय की काय? ताई म्हणाल्या, ते शत्रूसाठी होतं, आता शत्रू कुठाय? सर म्हणाले, रविवारी सकाळी दहाला पायथ्याच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. आयटीवाला म्हणाला, अमात्यांच्या वेळची रिक्वायरमेंट बदलली आहे. मला मात्र वाटलं, की गेली तीनशे वर्षं एकटा पाऊसच अमात्यांची आज्ञा इमानाने पाळतोय. दरवर्षी न चुकता वाट मोडतो, झाडी वाढवतो. पगार नाही, शुल्क नाही, टी-शर्ट नाही.

वाद रंगला होता तोवर गावातली दोन पोरं आणि मामा यांनी खालच्या अंगाने कुदळी चालवल्या होत्या. आम्ही उठून पाहतो तर वाट त्या दगडाच्या मुळाशी हलकेच वळून पुढे गेलेली. कडेला चर काढलेला, वळणावर तिरका दगड बसवलेला.

“मामा, पण हा दगड हलवायचा होता ना?”

“कशापायी?” मामा म्हणाले. “त्यो कुठं आडवा येतोय? वाटच बाजूला केली.”

दुपारी जेवण. पायथ्याच्या घरातल्या मावशींनी पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, भात आणि ताक डोक्यावरून वर आणलं. चढाची वाट एवढी वाईट असूनही त्यांच्या टोपलीतला ताकाचा थेंब सांडला नव्हता, हे पाहून काही जणांना वाट दुरुस्तीच्या निकडीबद्दलच शंका आली. आम्ही ज्या वेगाने भाकऱ्या संपवल्या तो कामाच्या वेगाशी अजिबात जुळत नव्हता. मावशींनी वाढता वाढता माझी चौकशी केली.

“पुण्याचं का?”

“हो.”

“याचं पैसं किती मिळत्यात तुमास्नी?”

“मिळत नाहीत, मावशी. आम्हीच भरतो.”

त्यांचा हात भाकरीसह हवेतच थांबला. “पैसं भरून दगडं उचलताय?”

“हो. म्हणजे… श्रमदान.”

मावशी विचारात पडल्या. मग माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून, जरा जवळ सरकून म्हणाल्या, “आमच्या वावरात बी लई दगडं हाईत बघा. सगळे या. तुमाला कमीत करून देते.”

जेवणानंतर काम थोडं मंदावलं, कारण निम्मी माणसं एका विशिष्ट खडकावर जाऊन उभी राहिली. रेंज फक्त तिथेच येत होती. मीही गेलो आणि घरी फोन लावला.

“काय केलंत मग?” बायकोने विचारलं.

“दगड बसवला.”

“एक?”

“भरीव वाजतो,” मी म्हणालो. पुढचं तिला ऐकू गेलं नाही, किंवा तिने ऐकलं नाही.

त्याच दुपारी खाजकुयली प्रकरण घडलं. आमच्यात एक रीलवाला होता. त्याने सकाळपासून एकाही दगडाला हात लावला नव्हता, पण प्रत्येक दगडासोबत त्याचे तीन तीन व्हिडिओ होते. कडेच्या झुडपावर चढलेल्या वेलाला सोनेरी-तपकिरी मखमली शेंगांचे घोस लटकलेले त्याला दिसले. “नेचरचं वेलवेट!” असं म्हणत त्याने दोन घोस तोडले, गालाजवळ धरले आणि कॅमेऱ्यात पाहून हसला. मामा लांबून ओरडले. रीलवाल्याला वाटलं, ते कौतुक करताहेत. त्याने घाम पुसला, मानेवर हात फिरवला.

पुढची पाच मिनिटं त्याने जी हालचाल केली ती त्याच्या आजवरच्या कुठल्याही रीलमध्ये नव्हती.

“पानी लावू नका! आनिक चढंल!” मामा म्हणाले. “शेन लावा. वलं शेन. वाळलं की कुसं घिऊन निगतंय.”

शेण गडावर नव्हतं. सर्वांत जवळचं शेण खालच्या धनगरवाड्यात. सकाळी ज्या मुलाला वर यायला दोन तास लागले होते, तो खाली इतक्या वेगाने गेला, की आम्ही नव्याने बसवलेल्या ओळींपैकी एकाही दगडावर त्याचा पाय पडला नाही. तासाभराने वर आला तेव्हा मान, गाल आणि दोन्ही हात सारवलेले. कुणीतरी कॅमेरा काढला. “नो व्हिडिओ प्लीज,” तो म्हणाला. आमच्या मंडळाच्या पानावर आजवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि नऊच्या सुमाराला पर्यटकांची पहिली लाट आली. आता या वाटेचे लाभार्थी ते. पहिला ग्रुप थांबून म्हणाला, “दादा, अजून किती वेळ?” गडावरच्या प्रत्येक माणसाने या प्रश्नाचं ‘आलंच, वीस मिनिटं’ हेच उत्तर द्यायचं असतं, ते मी दिलं. दुसऱ्या ग्रुपमधल्या गृहस्थांनी आम्हाला वनखात्याची माणसं समजून रेलिंग का लावलं नाही, अशी तक्रार केली. एका काकूंनी प्रेमाने माझ्या घमेल्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकली. “तुम्ही उचलताच आहात ना, हे पण घ्या.” आणि एक उमदे गृहस्थ होते, त्यांना आमचं फारच कौतुक वाटलं.

“ग्रेट काम करताय! आमचीही फार इच्छा असते हो. पण वेळच नसतो.”

वेळ कसा नसतो हे त्यांनी मला जवळजवळ तासभर समजावून सांगितलं. सांगताना ते आम्ही बसवलेल्या तिरक्या दगडावर बसले होते आणि बसल्या बसल्या बुटाच्या टाचेने त्याची चीप सैल करत होते.

खरा घाव उतरताना बसला. मामांनी, पोरांनी आणि थोडाफार आम्ही मिळून वाटेला एक छान वळण दिलं होतं. वरून एक कॉलेजचा घोळका आला. वळणापाशी क्षणभर थांबला. वळणाने गेलं तर वीस पावलं, सरळ उतरलं तर सहा. सगळेच्या सगळे सरळ उतरले, काही बसून घसरत, एक जण ‘शॉर्टकट!’ असं ओरडत. गवत उखडलं, मुरूम खाली वाहिला, आणि अगदी माझ्या देखत पुढच्या पावसाला कुठून यायचं ते आखून मिळालं. मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने मोहीमप्रमुखांकडे पाहिलं. मोहीमप्रमुखांनी पत्राच्या पाकिटाकडे पाहिलं.

“अमात्यांची माणसं,” इतिहासवाले सर म्हणाले.

मामांनी मात्र तक्रार केली नाही. करवंदीच्या दोन जाळ्या वाळलेल्या पडल्या होत्या, त्या ओढून त्यांनी त्या घसरगुंडीच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. “येक डाव काटा लागला की पोरं वळनानं जात्यात,” ते म्हणाले. पुढचा घोळका खरोखरच वळणाने गेला. इतके फलक, इतकी प्रबोधनं, आणि काम झालं ते करवंदीच्या काट्याने.

परत निघालो तेव्हा माझ्या तळहातांना फोड होते, मोज्यांत कुसळं होती आणि टी-शर्टावरची घोषणा मातीने दिसेनाशी झाली होती. कुसळं अजून निघताहेत. मशीनमध्ये धुतल्यावर ती घरातल्या सगळ्यांच्या मोज्यांत गेली. आता बायकोही आमच्या मोहिमेबद्दल अधूनमधून बोलते, साधारण रोज सकाळी. मेहुण्याने जानेवारीच्या शिबिरात माझं नाव परस्पर घातलं आहे आणि पुढे कंसात ‘पहार’ असं लिहिलं आहे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही कधी वेल्ह्याकडे, किंवा कुठल्याही गडावर गेलात तर एवढं करा. वाट वळत असेल तिथे तुम्हीही वळा. वाटेत जमिनीतून डोकं काढलेली तिरकी दगडांची ओळ दिसली तर ती बसायला नाही, पाणी काढायला आहे, तिच्यावरून पाय टाकून पुढे जा. सोनेरी मखमली शेंगांना हात लावू नका. आणि बसायचंच असेल तर वळणावर म्हशीएवढा काळा पाषाण आहे, त्यावर खुशाल बसा. तो वीस माणसांच्या महादेवाला हलला नाही.